मोबाईलचा कॅमेरा आजीच्या हातात द्या

आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांत भिंतीवर वारलेल्या आजी-आजोबांचा फोटो असतो. तो एकदा नीट निरखून पाहा. पुष्कळदा तो आधार कार्डावरून किंवा मतदानाच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला असतो. डोळे ताठ, ओठ घट्ट मिटलेले, आणि स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर अंगात चढवलेला कोट नाहीतर खांद्यावर टाकलेला जरीचा पदर. सत्तर वर्षे राबलेल्या माणसाचा एवढाच काय तो फोटो, आणि तोही कुणीतरी "इकडे बघा, हलू नका" असे दरडावून काढलेला. त्या माणसाला स्वतःला काय बघायला आवडत होते, हे त्या घरात कुणालाच सांगता येत नाही. कारण त्याच्या हातात कॅमेरा कधी गेलाच नाही.

आरोग्याच्या पानावर फोटोचे काय काम, असे वाचकांना वाटेल. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात वर्षे काढली आणि आता वस्त्यांमधून आरोग्याचे काम करतो. त्या अनुभवावरून आमचे स्पष्ट मत आहे, की साठी ओलांडलेल्या माणसाने मोबाईलवर फोटो काढायला शिकणे ही चैन नाही. बीपीची गोळी, डोळ्यांचा चष्मा आणि रोजचे चालणे यांच्याच रांगेत बसणारी ती गोष्ट आहे. घरातल्यांनी त्यासाठी फोन द्यावा, थोडा वेळ द्यावा, आणि टिंगल करू नये.

रिकामा दिवस अंगावर येतो

सकाळी आठपर्यंत मुलगा आणि सून कामावर गेलेले असतात, नातवंडे शाळेत. मागे राहते ती आजी. तिने चाळीस वर्षे धुणीभांडी केली, बिगारीकाम केले, रस्ते झाडले, भाजीची पाटी डोक्यावरून वाहिली. गुडघे गेले म्हणून काम सुटले. आता तिच्याकडे एकच काम, घर राखणे. ती दारात बसते, टीव्ही लावते, बंद करते. दुपारी डोळा लागतो म्हणून रात्री झोप येत नाही. चालणे नाही म्हणून शुगर वाढते. बोलायला कुणी नाही म्हणून मन खचते. आजोबांची गत वेगळी नाही. नाक्यावर दोन तास, ओट्यावर दोन तास, आणि काही घरांत संध्याकाळी बाटली.

"खाते-पिते, गोळ्या घेते, अजून काय पाहिजे तिला?" हे वाक्य आम्ही किती घरांत ऐकले त्याला गणती नाही. तिला काय पाहिजे, तर उद्या सकाळी उठावेसे वाटेल असे काहीतरी कारण. ते औषधाच्या दुकानात मिळत नाही.

विसरण्याचा आजार आपल्याकडे किती आहे हेही समजून घ्यावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. बायकांत, खेड्यांत आणि ज्यांना शिक्षण मिळाले नाही अशांत त्याचे प्रमाण जास्त आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली या आजाराचा धोका वाढवणाऱ्या, पण आपल्याला आवर घालता येईल अशा १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत बीपी, शुगर, दारू आणि तंबाखूचा धूर तर आहेतच. पण कमी शिक्षण, हालचाल नसणे, नजर कमी होणे, मन खचणे आणि एकटे पडणे हेही आहे. ही यादी वाचली की आपली दारात बसलेली आजीच डोळ्यांसमोर येते.

गोधडीचा धडा

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या डॅलस इथल्या विद्यापीठात डेनिस पार्क या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ६० ते ९० वयाच्या दोनशेवर माणसांचे गट पाडले. काहींना डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढायला शिकवले, काहींना गोधडी शिवायला, काहींना दोन्ही. दुसऱ्या एका गटातले लोक नुसते एकत्र जमून गप्पा मारत, सहलीला जात. आणखी एक गट घरच्या घरी संगीत ऐके, शब्दांची कोडी सोडवी. आठवड्याला सुमारे १५ तास, असे तीन महिने चालले. शेवटी तपासणी केली तेव्हा नवे काम शिकलेल्यांची आठवण ठेवण्याची ताकद बाकीच्यांपेक्षा सुधारलेली आढळली. फोटो काढायला शिकलेल्यांमध्ये तर हा फरक अधिक ठळक होता.

आता आपल्या बायका म्हणतील, गोधडी तर आम्ही जन्मभर शिवत आलो! अगदी खरे. आणि मुद्दाही तोच आहे. त्या प्रयोगातल्या लोकांना गोधडी नवी होती, म्हणून मेंदूला काम पडले. आपल्या आजीचे हात गोधडीचे टाके डोळे मिटून घालतात, तिच्या मेंदूला त्यात नवे काही करावे लागत नाही. गोधडी शिवणे सोडू नका, ती आपली कला आहे. पण मेंदूला कामाला लावायचे तर जे कधी केले नाही ते हातात घ्यावे लागते. आणि आपल्या घरात आजीला नवी असलेली, पण आधीपासून हजर असलेली वस्तू एकच आहे. ती म्हणजे मोबाईलचा कॅमेरा.

हा प्रयोग म्हणजे गंडादोरा नव्हे. फोटो काढले की विसरण्याचा आजार टळलाच, असे कुणी समजू नये, आणि आजीच्या गोळ्याही बंद करू नयेत. आमचे म्हणणे एवढेच, की फोटो काढताना एकाच वेळी पुष्कळ गोष्टी घडतात. डोळे शोधतात, हात स्थिर राहायला शिकतात, कुठले बटण आधी आणि कुठले नंतर हे लक्षात ठेवावे लागते, चांगल्या उजेडासाठी उठून दारापर्यंत जावे लागते, आणि काढलेला फोटो दाखवायला माणूस शोधावे लागते. इतके सगळे एका फुकटच्या कामात दुसरीकडे कुठे मिळते?

"या वयात कसला नाद?"

म्हातारचळ हा शब्द आपल्या लोकांच्या जिभेवर फार सहज येतो. म्हातारीने नवे लुगडे मागितले तर म्हातारचळ, म्हाताऱ्याने गाणे म्हटले तर म्हातारचळ. आम्ही या शब्दाच्या विरोधात आहोत.

जपानमधल्या किमिको निशिमोतो वयाच्या ७२ व्या वर्षी फोटोग्राफीच्या वर्गात जाऊन बसल्या. वर्ग त्यांचा मुलगाच घेत होता. ८२ व्या वर्षी त्यांच्या फोटोंचे पहिले प्रदर्शन भरले आणि नव्वदी ओलांडल्यावरही त्या फोटो काढत होत्या. त्यांचे गाजलेले फोटो त्यांचे स्वतःचेच आहेत आणि पाहणाऱ्याला हसू फुटते असे आहेत. एका फोटोत त्यांनी स्वतःला चक्क कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळून घेतले आहे. म्हाताऱ्या माणसाला जग कसे बाजूला टाकते, हे त्याहून चांगले कुणी भाषणात तरी सांगितले आहे का?

त्याच्याही फार आधी, कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ साली लेक-जावयांनी कॅमेरा भेट दिला तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. तो लाकडी, अवजड कॅमेरा होता आणि काचेच्या पट्टीवर रसायने लावून फोटो काढावा लागे. तरी त्या शिकल्या, आणि आज जगातल्या मोठ्या फोटोग्राफरांत त्यांचे नाव घेतात. त्या श्रीमंत घरातल्या होत्या, हे खरे. पण आज त्या पेटाऱ्याचे काम आपल्या घरातला फोन एका बोटाने करतो.

आणि लांब कशाला जायचे? डोक्यावर कामाचा डोंगर आणि शरीर आजाराने पोखरलेले असताना बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, चित्रकलेचेही धडे घेतले होते. त्यांना वेळ मिळाला, तर दारात बसलेल्या आपल्या आजीला का मिळू नये?

फोन कुणाचा?

अडचण वयाची नाही, फोनच्या मालकीची आहे. चांगला फोन मुलाकडे, दुसरा सुनेकडे, संध्याकाळी दोन्ही नातवांच्या गेमसाठी. आजीच्या वाट्याला येतो तो बटणांचा डबा. तिने चुकून मोठ्या फोनला हात लावला तर लगेच, "तुला काय कळतंय त्यातलं, बिघडेल!" जिने स्टोव्ह पेटवला, सायकलच्या कॅरिअरवर पोर बांधून दवाखाना गाठला, रेशनच्या रांगेत भांडून हक्काचे धान्य आणले, तिच्या हातून फोन बिघडेल? बोट लावल्याने फोन बिघडत नाही. फार तर दहा फोटो जमिनीचे आणि पाच अंगठ्याचे निघतील. ते पुसता येतात.

आणखी दोन गैरसमज काढून टाकू. फोटो काढायला रिचार्ज लागत नाही, नेट लागत नाही. घरात कपाटावर पडलेला जुना फोन, ज्यात आता सिम चालत नाही, त्याचा कॅमेरा बहुधा चालू असतो. तोच आजीच्या नावाने करून टाका. फक्त बॅटरी फुगलेली असेल तर तो फोन वापरू नका, उशाशी तर मुळीच नको. दुसरे असे, की लिहिता-वाचता येत नसले तरी काही अडत नाही. कॅमेऱ्याचे चित्र ओळखता आले की पुरे. अक्षरांनी ज्यांना बाहेर ठेवले, त्यांना आत घेणारे हे यंत्र आहे.

शिकायचे कसे

नातवाने शिकवावे, पण एक अट पाळावी: त्याने हात पाठीमागे बांधून शिकवायचे. फोन हिसकावून "असं करायचं" म्हणून स्वतःच करून दाखवले तर आजी काही शिकत नाही. तोंडाने सांगा, बोट तिचेच फिरू द्या.

आधी मागची काच, म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा, मऊ सुती कापडाने पुसा. घरातला फोन फोडणीच्या वाफेने तेलकट झालेला असतो. निम्मे फोटो त्यामुळेच धुरकट येतात. फोन दोन्ही हातांनी धरा आणि कोपरे बरगड्यांना टेकवा. हात थरथरत असतील तर भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला टेकून उभे राहा. पडद्यावरचे बटण सापडत नसेल तर बहुतेक फोनमध्ये आवाज कमी-जास्त करायच्या बटणानेही फोटो निघतो. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या चेहऱ्यावर, पडद्यावर एकदा हलकेच बोट ठेवा, म्हणजे चेहरा स्पष्ट येतो.

एका खोलीच्या घरात उजेड दारातूनच येतो. म्हणून माणसाला दाराकडे तोंड करून बसवा आणि आपण दाराच्या बाजूला उभे राहा. दार त्याच्या पाठीमागे ठेवले तर चेहरा काळा पडेल. लांबचे जवळ दिसावे म्हणून दोन बोटांनी चित्र ताणू नका, त्यापेक्षा दोन पावले पुढे जा. तेवढेच चालणे होते.

रोज एकच विषय घ्या. एक दिवस फक्त हात: भाकरी थापणारे, भांडी घासणारे, बाळाला तेल लावणारे. एक दिवस दारे. एक दिवस नळावरच्या कळशा. एक दिवस जे लवकरच दिसेनासे होणार आहे ते: पाटा-वरवंटा, जुनी पत्र्याची पेटी, आणि जिथे झोपड्या पाडून इमारती होणार आहेत तिथे तर आपली सगळी गल्लीच. एकदा बुलडोझर फिरला की कुठे कोण राहत होते, कुठल्या ओट्यावर बारसे झाले, हे सांगायला फक्त म्हाताऱ्यांची आठवण उरते. ती आठवण आजच फोटोत उतरवली तर नातवंडांच्या हाती काहीतरी लागेल.

रात्री दिवसभराच्या फोटोंतून एक ठेवा, बाकीचे पुसा. फोनही भरत नाही, आणि कुठला ठेवायचा व का, हे ठरवताना डोक्याला जो व्यायाम होतो तो शब्दकोड्यात होत नाही.

डोळे, पाय आणि तोल

फोटो काढायला लागल्यावर नजरेचे दुखणे लवकर उघडे पडते. घरातल्यांना स्पष्ट दिसणारा फोटो आजीला धुरकट दिसत असेल, दिव्याभोवती वलय दिसत असेल, एक डोळा झाकल्यावर दुसऱ्याने नीट दिसत नसेल, तर "वयामुळे होतं" म्हणून गप्प बसू नका. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वाच्या ६६ टक्के घटनांमागे मोतीबिंदू आढळला, आणि मोतीबिंदू शस्त्रक्रियेने बरा होतो. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. आशाताईंना विचारा, शिबिराची वाट पाहत बसू नका. शुगर असलेल्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.

फोटोसाठी मागे मागे सरकू नका. म्हातारपणी पडणे म्हणजे खुब्याचे हाड आणि सहा महिने खाट. आपल्या गल्ल्यांत उघडी गटारे आहेत, पायऱ्या उंच-सखल आहेत. थांबूनच फोटो काढायचा, चालताना फोन खाली. पायात चप्पल हवीच, शुगरवाल्यांनी तर अनवाणी उंबराही ओलांडू नये. सकाळचे आठ ते दहा आणि संध्याकाळचे पाचनंतर उजेडही चांगला असतो आणि ऊनही सोसते. मान सारखी खाली घालून फोनमध्ये बसू नका. वीस मिनिटे झाली की फोन ठेवा आणि लांबवर नजर टाका.

कुणाच्या नजरेतून?

आपल्या वस्त्यांचे फोटो पुष्कळ निघतात. पूर आला की निघतात, आग लागली की निघतात, निवडणूक आली की निघतात. त्यांत गटार असते, उघडे पोर असते, आणि हात पसरलेली म्हातारी असते. ते खोटे नसते, पण तेवढेच खरे नसते. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे आपल्या कॅमेऱ्यातून लोकांपुढे ठेवले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांच्याकडे पाहून लोक नाकाला रुमाल लावत, त्यांच्याकडे माणूस म्हणून पाहायला त्या फोटोंनी लावले. पाहणाऱ्याची नजर बदलली की चित्र बदलते, हे त्यांनी दाखवले. मग ज्या बाईने जन्मभर झाडू मारला, तिनेच कॅमेरा हातात घेतला तर ती काय दाखवेल? आमच्या ओळखीतल्या अशाच एका आजींनी पहिल्या आठवड्यात काढलेला फोटो होता खिळ्याला टांगलेल्या झाडूचा. त्या म्हणाल्या, "हा माझा चाळीस वर्षांचा सोबती. याला कोण विचारतंय?"

पण ज्या मानाची आपण अपेक्षा करतो तो दुसऱ्यालाही द्यावा. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका. नळावर, मोरीत, आजारपणात, दुःखाच्या प्रसंगी तर नाहीच. दुसऱ्याच्या लेकरांचे फोटो पुढे पाठवू नका. आधार कार्डाचे, बँकेच्या पासबुकाचे फोटो अनोळखी माणसाला देऊ नका, आणि फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका. फोन हातात आला की या गोष्टीही शिकायला लागतात, त्या नातवाने पहिल्याच दिवशी सांगाव्यात.

एकट्याने नको

हे काम घरात एकट्याने केले तर महिन्यात कंटाळा येतो. म्हणून आमची सूचना अशी. आठवड्यातून एकदा, विहारात किंवा समाजमंदिरात, तासभर साठीपुढच्यांनी जमावे. प्रत्येकाने आठवड्यातला एकच फोटो दाखवावा आणि तो का काढला ते सांगावे. नुसते "छान आहे" म्हणून सोडू नका. हे कोण, हे कुठले, त्या दिवशी काय झाले, असे विचारा. जो माणूस वर्षभर "बरं आहे" यापलीकडे बोलला नव्हता, तो बोलू लागतो. वस्तीतल्या कॉलेजच्या पोरापोरींनी यात स्वयंसेवक व्हावे. पुढे मागे या फोटोंचे एक प्रदर्शन भिंतीला दोरी बांधून, चिमटे लावून भरवता येईल. हॉल लागत नाही, पाहुणा लागत नाही.

महिन्याला एक फोटो मात्र कागदावर छापून घ्या. चार बाय सहाचा फोटो छापायला फार पैसे लागत नाहीत, आणि फोन हरवला तरी तो राहतो. त्याच्या पाठीमागे नाव, जागा आणि तारीख लिहा. आजीला लिहिता येत नसेल तर नातीने तिला विचारून लिहावे.

लग्नाच्या फोटोवाल्याला आपण हजारो रुपये मोजतो, नवा फोन घेण्यासाठी हप्ते भरतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रोज अर्धा तास तोच फोन द्यायला एक पैसाही लागत नाही. येत्या रविवारी चहा झाला की फोन पुसा, कॅमेरा उघडा, आजीच्या हातात द्या आणि विचारा, "आजी, तुला कशाचा फोटो काढायचाय?" उत्तर यायला वेळ लागेल, कारण हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेला नाही. थांबा. घाई करू नका.